असहाबे कहफचा कुत्रा आणि आपण

दर जुम्याला आपल्यातल्या पुष्कळ घरांत सूरह कहफची तिलावत होते. कुरआन शरीफची ही अठरावी सूरह, ११० आयतींची. तिच्यात ज्या तरुणांची हकीकत आहे, त्यांना आपण असहाबे कहफ म्हणतो, म्हणजे गुहेतले सोबती. आपला ईमान वाचवण्यासाठी ते जालीम बादशहाच्या शहरातून निघाले, गुहेत शिरले आणि अल्लाहने त्यांना शेकडो वर्षे झोपवून ठेवले. हे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यांच्यासोबत एक कुत्रा होता, हेही ठाऊक असते. पण या कुत्र्यापाशी आपण सहसा थांबत नाही. तिलावत पुढे जाते आणि कुत्रा मागे, दारातच राहतो.

अरबीत कुत्र्याला 'कल्ब' म्हणतात. हा शब्द संपूर्ण कुरआनमध्ये पाच वेळा येतो आणि त्यातले चार उल्लेख या एकट्या सूरहमध्ये आहेत. अठराव्या आयतीत हा कुत्रा पुढचे पाय पसरून गुहेच्या 'वसीद'वर बसलेला आहे. बाविसाव्या आयतीत लोक त्या तरुणांच्या संख्येवर वाद घालतात. कोणी म्हणते तीन, कोणी पाच, कोणी सात. कुरआन हा वाद सोडवत नाही, खरी संख्या अल्लाहलाच माहीत असे सांगून पुढे जातो. मात्र तिन्ही वेळा मोजदाद कुत्र्यावर येऊन पुरी होते. तीन असतील तर चौथा कुत्रा, पाच असतील तर सहावा, सात असतील तर आठवा. माणसे किती होती यावर वाद आहे, कुत्रा एकच होता यावर नाही. गणित शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट सुचायला हवी होती. मी उर्दू आणि दीनियात शिकवते, तरी मला ती दरवेळी नव्याने जाणवते.

आणि तरीही आमच्या मोताळ्यात, मलकापुरात, बुलडाण्यात मदरशातून सुटलेली पोरे गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारतात आणि विचारले तर सांगतात, "टीचर, वो नापाक है." हे उत्तर अर्धे बरोबर आहे, म्हणूनच ते अवघड आहे. पाकी-नापाकीचा मसला आणि त्या प्राण्याचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आपल्या परंपरेत हजार वर्षे शेजारी-शेजारी नांदत आल्या. पहिलीने दुसरीला कधी गिळले, ते आपल्याला कळलेच नाही. या लेखात मला दोन्ही वेगळ्या करून पाहायच्या आहेत, आणि आपल्या शेजारच्या धर्मांनी या प्राण्याचे काय केले तेही.

आधी गुहेचा इतिहास. ही हकीकत ख्रिस्ती जगात कुरआन उतरण्याच्या आधीपासून सांगितली जात होती. तिथे शहर इफिसस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागातले. बादशहा डेशियस, ज्याने २४९ ते २५१ या काळात राज्य केले आणि ख्रिश्चनांचा छळ केला. तरुण जागे झाले ते दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात, ज्याची कारकीर्द ४५० साली संपली. सुरियानी भाषेत सरूगचा याकूब नावाच्या बिशपने यावर पद्यात प्रवचन लिहिले. तो ५२१ साली वारला. त्याच्या प्रवचनात कुत्रा नाही. देव त्या तरुणांच्या देहांवर एक राखणदार नेमतो, आणि तो राखणदार फरिश्ता आहे. म्हणजे गुहेच्या तोंडाशी पहारा हवा हे दोन्ही परंपरांना मान्य आहे, पहारेकरी मात्र बदलला. पुढे युरोपात ही कथा 'सात झोपलेले' म्हणून पसरली, तिथेही बहुतेक ठिकाणी कुत्रा दिसत नाही. पण एक गमतीचा अपवाद आहे. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओडोसियस याच नावाच्या एका यात्रेकरूने लॅटिनमध्ये पवित्र स्थळांची टिपणे लिहून ठेवली. तो इफिससबद्दल सांगताना सात भावांच्या पायाशी असलेल्या कुत्र्याचा उल्लेख करतो आणि त्याचे नावही देतो, विरिकानुस. एका यात्रेकरूच्या कानावर आलेला हा कुत्रा पाद्र्यांच्या ग्रंथांत टिकला नाही. कुरआनने मात्र त्याला चार वेळा जागा दिली.

मग आपले मुफस्सिर आले. त्यांनी प्रश्न विचारले: हा कुत्रा कोणाचा? त्यांच्यापैकी एकाचा शिकारी कुत्रा, की वाटेत भेटलेल्या मेंढपाळाचा? रंग कोणता? नाव काय? नावे अनेक सांगितली गेली, त्यात 'कित्मीर' लोकांच्या तोंडी बसले. अरबीत कित्मीर म्हणजे खजुराच्या बीवरचा पातळ पापुद्रा. याच अर्थाने, अगदी क्षुल्लक वस्तू म्हणून, हा शब्द सूरह फातिरमध्ये आला आहे. कुत्र्याला हे नाव कोणी आणि का दिले असेल? मला वाटते, ज्याला कोणी मोजत नाही असा जीव मोजदादीत आला, याची जाणीव नाव देणाऱ्याला असावी. पण हा माझा तर्क आहे, तफसीर नव्हे.

कुर्तुबा शहरातले इमाम कुर्तुबी (मृत्यू १२७३) आणि दमिश्कचे इमाम इब्ने कसीर (मृत्यू १३७३) या दोघांनीही या कुत्र्यातून एकच गोष्ट काढली. नेक लोकांच्या सोबतीची बरकत इतकी की ती कुत्र्यालाही लाभली आणि त्याचा जिक्र अल्लाहच्या कलामात कायमचा राहिला. रंग आणि नाव यांच्या चौकशीला काही फायदा नाही, असेही इब्ने कसीर सांगतात. आणि कुत्रा आत न जाता दारात का बसला? तर ज्या घरात कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत अशी हदीस आहे, म्हणून तो बाहेर. इथे पाहा, हदीसमधला घराचा नियम गुहेला लावला गेला. आयतीत मात्र कुत्रा दारात आहे एवढेच आहे. तो का दारात आहे, ते नाही. 'वसीद'चा अर्थ कोणी उंबरठा करतात, कोणी अंगण, कोणी दरवाजा. आपल्या उर्दू तर्जुम्यांत कुठे 'चौखट' आहे, कुठे 'दहाना'. वऱ्हाडातल्या जुन्या घरात राहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कुत्रा घरात येत नाही आणि घर सोडूनही जात नाही, तो ओट्यावर असतो.

कुरआनमधला पाचवा उल्लेख याच्या अगदी उलट आहे. सूरह आराफमध्ये अशा माणसाची मिसाल आहे ज्याला अल्लाहच्या निशाण्या मिळाल्या आणि तो त्यांतून निसटून दुनियेच्या मागे लागला. त्याची उपमा जीभ काढून धापा टाकणाऱ्या कुत्र्याशी दिली आहे, हाकला तरी धापा, सोडा तरी धापा. पुष्कळ मुफस्सिरांच्या मते हा माणूस बलआम बिन बाऊर. तौरातमधल्या त्याच्या हकीकतीत त्याचे गाढव बोलू लागते. म्हणजे एकाच किताबात एक कुत्रा वफादारीचा आणि एक कुत्रा हावरेपणाचा. वाजच्या मजलिशींत या दोघांची गाठ घातलेली आपण ऐकली असेल: कियामतीच्या दिवशी कित्मीर बलआमच्या रूपात जन्नतमध्ये जाईल आणि बलआम कुत्र्याच्या रूपात जहन्नममध्ये. हे कुरआनमध्ये नाही. पण लोकांच्या मनाने दोन आयती कशा जोडल्या ते यातून दिसते. या कथेला माझी एकच हरकत आहे. इतका वफादार कित्मीर, त्याला जन्नतमध्ये जायला माणसाचे कातडे का पांघरावे लागावे?

आता नापाकीचा मसला. इथे आपल्यातच एकमत नाही, आणि ही गोष्ट मदरशातल्या त्या पोरांना कोणी सांगितलेली नसते. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवावे, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे; त्यात एकदा मातीने, हे मुस्लिमच्या रिवायतीत आहे. या एका हदीसवरून चार मजहबांनी तीन वाटा धरल्या. शाफई आणि हंबली फिकहमध्ये कुत्रा सगळाच नापाक, आणि सात वेळा धुणे आवश्यक. आपण वऱ्हाडातले बहुतेक हनफी. आपल्याकडे कुत्रा 'नजिसुल ऐन' नाही, म्हणजे डुकरासारखा मुळापासून नापाक नाही. त्याची लाळ नापाक आहे, तीन वेळा धुणे आवश्यक आणि सात वेळा उत्तम. इमाम मालिक तर म्हणतात, जिवंत प्राणी पाकच असतो. भांडे धुवायचे ते हुकूम आहे म्हणून, कुत्रा घाण आहे म्हणून नव्हे. त्यांची दलील मोठी मार्मिक आहे. कुरआनने सूरह माइदामध्ये शिकारी कुत्र्याने पकडून आणलेला शिकार हलाल केला आहे. त्या शिकारीला कुत्र्याचे तोंड लागलेलेच असते. मग?

वऱ्हाडातली सोयरीक रत्नागिरी-रायगडकडे झाली की हा फरक घरात दिसतो, कारण कोकणी मुसलमान शाफई. ओला कुत्रा अंगाला घासून गेला तर एका घरात नुसते हुं म्हणतात आणि दुसऱ्या घरात मातीची शोधाशोध सुरू होते. दोघेही नमाज एकाच किबल्याकडे तोंड करून पढतात. सूरह माइदाच्या त्या आयतीत आणखी एक बारकावा आहे. शिकारी जनावरांना शिकवणाऱ्यासाठी जो अरबी शब्द आला आहे तो 'कल्ब'पासूनच बनला आहे, आणि अल्लाहने तुम्हाला जे शिकवले त्यातून तुम्ही त्यांना शिकवता, असा आशय तिथे आहे. शिक्षकी पेशातल्या माणसाला ही आयत जरा जास्तच आवडते. शिकलेला कुत्रा आणि न शिकलेला कुत्रा यांत फिकहने फरक केला. इल्मने जनावराचा दर्जा बदलतो, तर पोरांचा का बदलू नये?

कुत्रे मारण्याचा हुकूम मदीनेत एकदा निघाला होता, हे हदीसमध्ये आहे; ते लपवण्याचे कारण नाही. पण तो मागे घेतला गेला, शिकारीचे, गुरांचे, शेताचे कुत्रे पाळायला मोकळीक मिळाली, आणि कुत्री हीदेखील उम्मतींपैकी एक उम्मत आहे हे सांगितले गेले, हेही त्याच किताबांत आहे. पहिली ओळ पाठ करायची आणि पुढच्या सोडायच्या, याला दीन शिकणे म्हणत नाहीत. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. दुसऱ्या रिवायतीत हे काम बनी इस्राईलमधल्या एका बदनाम बाईने केले आणि तेवढ्यावर तिची मग्फिरत झाली. ही दुसरी रिवायत वर्गात सांगायला शिक्षक संकोचतात. मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते.

एक प्रसंग फार कमी ठाऊक आहे. हिजरी ८ मध्ये, म्हणजे ६३० साली, पैगंबर साहेब (स.) दहा हजारांचे लष्कर घेऊन मक्केकडे निघाले होते. अर्ज नावाच्या जागेजवळ वाटेत एक कुत्री पिल्लांना पाजत पडली होती. लष्कराच्या पायांनी ती दचकू नये म्हणून त्यांनी जुऐल बिन सुराका या सोबत्याला तिच्याजवळ उभे केले, आणि अख्खे लष्कर पुढे जाईपर्यंत तो तिथे राहिला. ही नोंद वाकिदी यांच्या 'किताबुल मगाजी'त आहे. हदीसच्या उलेमांना वाकिदींची सनद कमजोर वाटते, हे सांगणे भाग आहे. पण सीरतच्या जुन्या लेखकाला हा प्रसंग नोंदवावासा वाटला, एवढे तरी त्यातून सिद्ध होतेच. गुहेत माणसांवर कुत्र्याचा पहारा, आणि इथे कुत्रीवर माणसाचा.

बगदादच्या सुवर्णकाळात तर यावर साहित्यच तयार झाले. नवव्या शतकात जाहिजने 'किताबुल हयवान'मध्ये कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा यावर पानेच्या पाने वाद रंगवला. त्याच्यानंतर इब्नुल मर्जुबान (मृत्यू ९२१) याने एक पुस्तकच लिहिले, ज्याच्या नावाचा अर्थ असा की कपडे घालणाऱ्या पुष्कळ जणांपेक्षा कुत्री श्रेष्ठ आहेत. फारसी-उर्दूत आशिक स्वतःला माशूकच्या गल्लीतला 'सग' म्हणवून घेतो, मुरीद पीराच्या दारचा. आजही काही भाविक आपल्या नावापुढे 'सगे मदीना' किंवा 'सगे दरबार' लावतात. लावोत. पण पत्रिकेवर सग आणि अंगणात लाथ, हे काही बसत नाही.

'सग' शब्द आलाच आहे तर पारशांकडे वळू, कारण त्यांच्या धर्मातला एक विधी उर्दू जाणणाऱ्याला न शिकवता कळतो: 'सगदीद'. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे नजर. पारशी माणूस वारला की मय्यतीसमोर कुत्रा आणतात आणि त्याची नजर मृत चेहऱ्यावर पडू देतात. त्यांच्या 'वेंदिदाद' या धर्मग्रंथाप्रमाणे मृतदेहात शिरणारी अपवित्रता त्या नजरेने पळते. आपल्याकडे ज्याच्या तोंडाने भांडे नापाक होते, त्याच प्राण्याच्या डोळ्यांनी तिकडे नापाकी दूर होते! हा कुत्रा 'चार डोळ्यांचा' असावा, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला. वेंदिदादच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला मारणाऱ्याला, वाईट अन्न घालणाऱ्याला काय शिक्षा, याची लांब यादी आहे. आणि मेल्यानंतर रूहला ज्या चिन्वत पुलावरून जायचे, त्याची राखण कुत्रे करतात.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात यमाच्या वाटेवर दोन कुत्रे आहेत, आणि तेही चार डोळ्यांचे. इराण आणि हिंदुस्थानच्या या दोन पुरातन परंपरा एकाच घरातून निघाल्या, याची साक्ष भाषाशास्त्रज्ञ शब्दांत शोधतात. ती या कुत्र्याच्या कपाळावरच्या दोन ठिपक्यांतही आहे. पण अर्थ किती बदलला! पारशांचा कुत्रा रूहच्या सोबतीला आहे. यमाच्या कुत्र्यांजवळून मात्र मृताने सुखरूप निघून जावे, अशी प्रार्थना करावी लागते.

हे सगळे पोथीतले वाटत असेल तर मुंबईचा १८३२ चा जून महिना आठवावा. कंपनी सरकारचा भटकी कुत्री मारण्याचा जुना कायदा होता, वर्षातल्या ठराविक दिवसांत. त्या वर्षी मुदत वाढवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे शिपायांनी रस्त्यावरची नव्हे तर लोकांच्या दारातलीही कुत्री ओढून न्यायला सुरुवात केली. ६ जूनला कोट भागात पारशांनी शिपायांना अडवले आणि मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या गोऱ्या फौजेची रसद तटली. सरकारने फौज आणून लोकांना पकडले. या हरताळात पारशांबरोबर वैष्णव आणि जैन व्यापारी होते आणि इस्माइली मुसलमानही होते. पुढे पारशी शेटियांच्या अर्जानंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्यावर समझोता झाला. मुंबईतली ही पहिल्या दंगलींपैकी एक. पारशी आले सगदीदसाठी, जैन अहिंसेसाठी. आणि मुसलमान? इतिहासकार त्यांच्याबद्दल एका ओळीपुरते लिहितात. माझी समजूत अशी की दारातून ओढून नेलेला कुत्रा हा मसल्याचा प्रश्न नव्हता, दाराचा होता.

मराठी मुलखात कुत्र्याची दोन घरे आहेत, एक दत्ताचे आणि एक खंडोबाचे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद, असा त्यांचा अर्थ सांगितला जातो. ज्या धर्मशास्त्राने वेदाचा शब्द शूद्राच्या कानावर पडू नये म्हटले, त्याच परंपरेतल्या चित्रकाराने वेद कुत्र्याच्या रूपात बसवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मनुस्मृतीत चांडाळाची मालमत्ता म्हणजे कुत्री आणि गाढवे. 'श्वपच', कुत्रे शिजवणारा, ही माणसांना दिलेली शिवी होती. म्हणजे कुत्र्याला अशुद्ध ठरवणारे आपण एकटे नव्हतो. फरक इतकाच की आपल्याकडे अशुद्धता भांड्यावर थांबली, ती कोणा माणसाच्या जन्माला चिकटली नाही. निदान किताबात तरी नाही.

एकनाथांच्या चरित्रात आपल्याला जवळची गोष्ट आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे कादिरी सिलसिल्याचे सूफी होते, असे मानणारी एक परंपरा आहे, आणि शेख महंमद श्रीगोंदेकर यांचेही गुरू तेच. महिपतीने लिहिलेल्या चरित्रात दत्त एकनाथांना दर्शन द्यायला येतो तो मलंग फकिराच्या वेशात, आणि त्याच्यासोबत कुत्री असते. फकीर तिचे दूध काढतो, त्यात भाकरीचे तुकडे कालवतो आणि जनार्दनस्वामी त्याच्यासोबत जेवतात. तरुण ब्राह्मण एकनाथ घाबरतो. त्याच्या दृष्टीने तिथे तीन आपत्ती एकत्र आल्या: मुसलमान, कुत्री आणि उष्टे. भक्तांच्या लेखी ही दत्ताची लीला. मला मात्र नेहमी वाटते की त्या फकिराचीही अडचण पाहायला हवी. कुत्रीचे दूध त्याच्याही शरीअतमध्ये बसत नव्हते. कथा सांगणाऱ्याने दोन्ही धर्मांचा उंबरठा एकाच वाडग्यात मोडला. पुढे याच एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले, ही गोष्ट मराठी शाळांत सांगतात. आमच्या उर्दू शाळेत मोज्यातल्या पाण्याची सांगतात. दोन्ही शाळांमध्ये बहुधा एकच भिंत असते.

खंडोबाकडे कुत्रा देवाच्या घोड्यासोबत धावतो. त्याचे भक्त वाघ्ये नावाने वाघ, पण वागतात देवाच्या कुत्र्यासारखे. कोटंब्यातले अन्न भुंकत, भांडत खाण्याचा विधी जेजुरीच्या परंपरेत आहे. आपल्या 'सगे दरबार'चा हा मराठी चुलतभाऊ. खंडोबाला मल्लूखान म्हणणारे मुसलमान भक्तही होतेच.

महाभारताची सुरुवात आणि शेवट कुत्र्यापाशी होतो, हे मला एका मराठी शिक्षक मित्राने दाखवून दिले. सुरुवातीला जनमेजयाच्या यज्ञात काहीही न चाटलेल्या, नजरही न टाकलेल्या एका पिल्लाला मारहाण होते आणि त्याची आई सरमा राजाला जाब विचारते. शेवटी हिमालयाच्या वाटेवर भाऊ आणि बायको गळून पडतात, युधिष्ठिरासोबत फक्त कुत्रा उरतो. इंद्र म्हणतो कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर त्याला सोडून जायला नकार देतो, आणि तो कुत्रा साक्षात धर्म निघतो. इथेही तीच खोड: कुत्र्याला कुत्रा म्हणून आत जाता आले नाही, त्याला देव व्हावे लागले. कित्मीरला बलआम व्हावे लागले तसे.

यहुदी आणि ख्रिस्ती यांच्याबद्दल थोडक्यातच. कोकणात शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्राईल लोकांच्या तौरातमध्ये, मिसरमधून निघण्याच्या रात्री एकही कुत्रा बनी इस्राईलवर भुंकणार नाही, असे आले आहे. पुढे फाडलेल्या जनावराचे मांस कुत्र्यांना टाकावे असा हुकूम आहे. त्यांच्या रब्बींनी दोन्ही जोडून सांगितले की त्या रात्रीच्या गप्प बसण्याचे हे बक्षीस. इंजीलमध्ये श्रीमंताच्या दारात पडलेल्या लाजरच्या जखमा कुत्री चाटतात. याला काहींनी त्याच्या दुर्दशेची परिसीमा मानले, तर पोप ग्रेगरीने ती कुत्री म्हणजे जिभेने जखम बरी करणारे धर्मोपदेशक, असे सांगितले. १५४८ मध्ये गोव्यात आलेल्या डॉमिनिकन पाद्र्यांच्या पंथाचे चिन्ह तर तोंडात मशाल धरलेला कुत्रा. इतके करूनही गुहेच्या दारातला तेवढा त्यांनी सोडला, याचे आश्चर्य वाटते.

आमच्या तालुक्यात हा प्रश्न किताबी नाही. शेतात रानडुकरे येतात, त्यामुळे शेतकऱ्याला कुत्रा लागतो. कास्तकार मुसलमान असो की कुणबी. धनगरांचे कळप उतरतात तेव्हा सोबत कुत्री असतात. हा माइदाचा आणि मदीनेतल्या सुटीचा कुत्रा, त्याला कोणी नापाक म्हणत नाही. प्रश्न आहे बेवारस कुत्र्यांचा. ती चावतात, लहान पोरांना जास्त चावतात, आणि रेबीज झाला तर इलाज नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली भटकी कुत्री उचलून कायमची कोंडवाड्यात ठेवायला सांगितले, मग नसबंदी आणि लसीकरण करून त्याच भागात सोडायला सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातली कुत्री हटवण्याचा आदेश झाला. १८३२ मध्ये मुंबईत जे भांडण होते ते अजून मिटलेले नाही. या वादात मुसलमानांकडे पाहून "तुम्हाला तर कुत्री आवडतच नाहीत" असे सहज म्हटले जाते आणि आपणही ते मान हलवून कबूल करतो. ते मान्य करण्याचे कारण नाही. कुत्र्यापासून मुलांना वाचवणे हा व्यवस्थेचा विषय आहे. त्यासाठी नगरपंचायत आहे, पशुवैद्यक आहे. त्यासाठी हदीस अर्धी वाचण्याची गरज नाही. आणि मातीने भांडे धुण्यात रेबीजचे औषध शोधून इस्लामची शान वाढवणारे जे लेख उर्दू मासिकांतून येतात, त्यांचीही नाही. हुकूम पाळायला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही.

वर्गात मी दोन गोष्टी वेगवेगळ्या तासांना शिकवते. दीनियातच्या तासाला: लाळ लागली तर तीन वेळा धुवा, सात वेळा धुतले तर उत्तम, शाफई मुलाने सात वेळाच धुवावे, कोरडा कुत्रा घासून गेला तर युनिफॉर्म बदलायला घरी पळू नका. आणि परिपाठानंतर, सगळ्यांना: चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-मिरची भरू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. दगडाबद्दल मी वेगळे काही सांगत नाही. सूरह कहफची अठरावी आयत आली की फळ्यावर गुहेचे तोंड काढते आणि विचारते की कुत्रा कुठे काढू. अर्धी मुले आत दाखवतात, अर्धी बाहेर. मग 'वसीद' शब्दाचा अर्थ सांगायला सुरुवात करते.